दहा किलोंचा सौदा

२००९च्या नोव्हेंबरात पोर्शेने ९११ जीटी३, ९११ जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडर या तीन गाड्यांसाठी एक नवी बॅटरी जाहीर केली. गाडी चालवणारी नव्हे, इंजिन सुरू करणारी साधी १२ व्होल्टची बॅटरी. आत मात्र शिशाऐवजी लिथियम. वजन सहा किलोंच्या आत, म्हणजे नेहमीच्या ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून जास्त हलकी. जर्मनीत करासह किंमत १,९०४ युरो. लांबी-रुंदी आणि बसवायची जागा जुन्या बॅटरीचीच, फक्त उंची सात सेंटिमीटरने कमी. आणि ही बॅटरी घेणाऱ्या प्रत्येकाला कंपनी शिशाची नेहमीची बॅटरीही गाडीबरोबर देत होती. कडाक्याच्या थंडीत हलकी बॅटरी काढून ठेवायची आणि जड बॅटरी बसवायची.

जगातल्या उत्तम इंजिनिअरांनी दोन बॅटऱ्या हातात ठेवल्या, याला मी त्यांचा प्रामाणिकपणा म्हणेन. हलकी बॅटरी काय देते आणि काय मागते, हे त्यांनी ग्राहकापासून लपवले नाही. जीटी३चे वजन तेव्हा १,३९५ किलो होते. त्यातले दहा किलो म्हणजे एक टक्काही नाही. तरी शर्यतीच्या धंद्यात या दहा किलोंना गिऱ्हाईक आहे, कारण तिथे वजन कमी करायचे बहुतेक मार्ग पत्रा कापण्यातून, महागड्या कार्बन फायबरमधून किंवा चालकाच्या ताटातून जातात. फॉर्म्युला वनमध्ये दहा किलोंना फेरीमागे सुमारे तीन दशांश सेकंद असा ढोबळ हिशेब धरतात. बॅटरी बदलायला दोन नट ढिले करावे लागतात, एवढेच.

ही दोन नटांची गोष्ट पाहायची म्हणून मी कोल्हापूरला, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो. या शहराला इंजिनांचा जुना नाद आहे. ओतकामाचे कारखाने, लेथ आणि शर्यती यांची इथे पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. गॅरेजच्या मालकांना पोरे वस्ताद म्हणतात. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर धावणाऱ्या छोट्या हॅचबॅक ते तयार करून देतात. त्या दिवशी लिफ्टवर एक गाडी होती. मागची सीट, गालिचा, डांबराचे आवाजरोधक थर, जादा चाक, सगळे आधीच उतरलेले. बॅटरी तेवढी कंपनीचीच होती, ३५ अँपिअर-तासांची. वस्तादांनी ती काट्यावर ठेवली. साडेनऊ किलो.

“आता सेल्फ मारायला खरंच किती करंट लागतंय ते बघूया साहेब,” म्हणत त्यांनी जाड काळ्या केबलभोवती टाँग टेस्टरचा जबडा अडकवला आणि मल्टिमीटरच्या पिना टर्मिनलला लावल्या. पोराने चावी फिरवली. आकडा पहिल्या झटक्यात तीनशेच्या पलीकडे उडाला, लगेच खाली आला, १३०च्या आसपास थरथरला आणि इंजिनाने पेट घेताच शून्यावर गेला. व्होल्ट मधल्या काळात १२.६वरून १०.२पर्यंत बसले होते. सगळा खेळ दीड सेकंदात आटोपला.

कागदावर मांडून पाहिले. १३० अँपिअर गुणिले १०.२ व्होल्ट, म्हणजे सुमारे १,३०० वॉट. दीड सेकंदाचे दोन हजार ज्यूल, म्हणजे जेमतेम अर्धा वॉट-तास. बॅटरीत साठा किती? ३५ गुणिले १२, म्हणजे ४२० वॉट-तास. लागते त्याच्या सुमारे आठशेपट. घोटभर पाण्यासाठी भरलेली घागर कमरेवर घेऊन धावावे, तशी ही गाडी पळत होती.

एवढा साठा कारखान्याने का दिला, याचे उत्तर घरगुती वापरात आहे. गाडी आठवडाभर उभी राहते, कोणी दिवे चालू ठेवून जातो, म्युझिक सिस्टिम वाजत राहते, बॅटरी चौथ्या वर्षी अर्धी खंगलेली असते आणि तरीही सकाळी सेल्फ लागावा अशी अपेक्षा असते. शिवाय शिशाच्या बॅटरीत साठा आणि झटका यांची फारकत करता येत नाही. एका झटक्यात तीनशे अँपिअर हवे असतील तर तेवढे पत्र्यांचे क्षेत्रफळ हवे, आणि क्षेत्रफळ म्हणजे शिसे. पाण्याच्या अकरापट जड असा हा धातू. १८५९मध्ये गास्ताँ प्लाँतेने पहिली शिशाची बॅटरी केली, तेव्हापासून तिच्या पोटातले रसायन बदललेले नाही. किलोमागे साधारण ४० वॉट-तास, ही तिची कुवत. तिच्यावर हसण्याचे मात्र काही कारण नाही. १८९९मध्ये पॅरिसजवळ कामी जेनात्झी याने ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला आणि मोटारगाडीने शंभरी ओलांडली, ती याच शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या विजेच्या गाडीत. स्वस्त, सोशीक, आणि तब्येत बिघडली की आधी इशारा देणारी ही बॅटरी आहे.

वस्तादांच्या कपाटात दोन पर्याय होते. पहिला एजीएम, म्हणजे शिशाचीच पण आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून घेतलेली बंद बॅटरी. तिच्यातले शिसे जास्त शुद्ध, पत्रे पातळ आणि संख्येने जास्त, म्हणून आकाराच्या मानाने झटका मोठा. ओडिसी ब्रँडची पीसी६८० ही या जातीतली जगभर वापरली जाणारी बॅटरी सोळा-सतरा अँपिअर-तासांची आणि सात किलोंची. दुसरा पर्याय हाताच्या पंजावर मावणारा, दीड किलोच्या आतबाहेरचा एक काळा डबा. लिथियम आयर्न फॉस्फेट.

या डब्याच्या आत काय असते ते एकदा उलगडून पाहावे. अमेरिकेतल्या ए१२३ या कंपनीने प्रसिद्ध केलेला, अंगठ्यापेक्षा थोडा जाड आणि साडेसहा सेंटिमीटर लांबीचा सेल घ्या. वजन ७६ ग्रॅम, साठा अडीच अँपिअर-तास, व्होल्टेज ३.३. हा चिमुकला सेल सतत ७० अँपिअर देतो आणि दहा सेकंदांपुरते १२०. चार सेल एकापुढे एक जोडले की १३.२ व्होल्ट. अशा तीन ओळी शेजारी शेजारी लावल्या की बारा सेल, साडेसात अँपिअर-तास, दहा सेकंदांसाठी ३६० अँपिअर. आणि वजन ९१२ ग्रॅम. वरून डबा, पट्ट्या, पितळी टर्मिनल आणि एक छोटा सर्किट बोर्ड. साडेनऊ किलोंचे काम दीड किलोत.

चार सेलची ही जुळणी म्हणजे या रसायनाचे भाग्य आहे. मोबाइल आणि लॅपटॉपमधले निकेल किंवा कोबाल्टचे सेल ३.६ व्होल्टचे आणि भरल्यावर ४.२चे. तीन जोडले तर गाडीच्या १२ व्होल्टच्या व्यवस्थेला कमी पडतात, चार जोडले तर पूर्ण भरायला १६.८ व्होल्ट मागतात, आणि गाडीचा अल्टरनेटर देतो साधारण १४. फॉस्फेटचे चार सेल मात्र १४.६ला पूर्ण भरतात. अल्टरनेटर, स्टार्टर, दिवे, पंप यांतल्या कशालाही हात न लावता ते शिशाच्या जागी बसतात. किलोमागे साठ्याच्या बाबतीत फॉस्फेट निकेलवाल्यांच्या मागे आहे, साधारण निम्म्यावर. तरी स्टार्टर बॅटरीच्या बाजारात तेच जिंकले, कारण तिथे साठा कोणाला हवाच नव्हता.

दुसरे कारण आग. २०२२मध्ये आपल्याकडे विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या लागोपाठ आल्या आणि पुढे केंद्राने बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस १५६ हे मानक कडक केले. तेव्हापासून लिथियम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धूर येतो. पण सगळ्या लिथियम बॅटऱ्या एका स्वभावाच्या नसतात. कोबाल्ट किंवा निकेल ऑक्साइड तापले की स्वतःच प्राणवायू सोडते आणि आगीला बाहेरच्या हवेचीही गरज उरत नाही. फॉस्फेटमध्ये प्राणवायू फॉस्फरसला घट्ट धरून असतो, सहजी सुटत नाही. हा पदार्थ बॅटरीत चालतो हे १९९७मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातून जगापुढे आले. त्या शोधनिबंधावर जॉन गुडइनफ यांच्याबरोबर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरील कामासाठी २०१९चे नोबेल मिळाले, तेव्हा ही दोन नावेही आपल्या वर्तमानपत्रांत यायला हवी होती असे मला मनापासून वाटते.

फॉस्फेट पेटतच नाही असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. आतला द्रव ज्वालाग्राहीच असतो. चेपलेला, शॉर्ट झालेला किंवा मर्यादेपलीकडे चार्ज केलेला सेल विषारी, पेट घेणारा वायू सोडतोच. वजन वाचवण्याची हाव कुठवर जाऊ शकते याचे मोठे उदाहरण विमानांत घडले. बोइंग ७८७ मध्ये कोबाल्ट ऑक्साइडच्या हलक्या बॅटऱ्या बसवल्या होत्या. २०१३च्या जानेवारीत बॉस्टन विमानतळावर उभ्या विमानातली एक पेटली, काही दिवसांत जपानमध्ये दुसरीतून धूर आला आणि जगभरची ७८७ विमाने जमिनीवर आली. उपाय म्हणून प्रत्येक बॅटरीभोवती जाड पोलादी पेटी आणि धूर विमानाबाहेर सोडणारी नळी आली. बॅटरीचे वजन वाचवले, ते पेटीत गेले.

वस्तादांकडे पेटीची गरज नव्हती, पण बॅटरी जागची हलू नये याची होती. शर्यतीत गाडी भिंतीवर आदळते तेव्हा बॅटरी सुटून धावू शकते. गुरुत्वाच्या पंचवीसपट झटका धरला तर साडेनऊ किलोंची बॅटरी जवळजवळ २४० किलोंच्या जोराने आपल्या पट्ट्यांना ओढते, दीड किलोची चाळीसच्याही आत. हलक्या बॅटरीचा हा फायदा जाहिरातीत येत नाही, तरी माझ्या मते तो दशांश सेकंदांपेक्षा मोठा आहे. बॅटरी मूळ जागेवरून हलवली तर मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेचे, म्हणजे एफआयएचे, नियम कडक आहेत. धातूची बैठक, दोन पट्ट्या, किमान १० मिलिमीटर व्यासाचे बोल्ट, आणि पत्र्याच्या खालून किमान ३ मिलिमीटर जाड, २० चौरस सेंटिमीटरची आधारपट्टी. चालकाच्या कक्षात ठेवायची असेल तर ती सुकी, न सांडणारीच हवी. बाहेरून ओढून सगळी वीज तोडता येईल असा कटऑफ हवा आणि त्याच्याजवळ पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल वीज.

बॅटरी हलवण्याचा मोह सगळ्यांना होतो. हॅचबॅकमध्ये ती पुढच्या चाकांच्या वर, उंचावर आणि एका कडेला असते, म्हणून पोरे ती चालकाशेजारच्या रिकाम्या जागी मागे नेतात. वस्तादांनी भिंतीवरची ३५ चौरस मिलिमीटरची केबल दाखवली. तिच्यातले तांबेच मीटरला तीनशे ग्रॅमच्या वर भरते. पाच मीटर केबल, वरचे रबर, दोन लग, बैठक आणि बोल्ट धरले तर दोन-अडीच किलो झाले. शिवाय दोनशे अँपिअर वाहताना त्या पाच मीटरमध्ये अर्धा व्होल्ट गळतो. “जड बॅटरी मागं न्यायची तर ठीक,” ते म्हणाले, “पण दीड किलोची बॅटरी मागं न्यायला दोन किलोची केबल? मग हलकी कशापायी घेतली?”

मी विचारले, मग सगळ्यांना हीच का देत नाही? वस्तादांनी मल्टिमीटर उचलला आणि काळ्या डब्याला लावला. १२.८ व्होल्ट. शिशाच्या बॅटरीला हा आकडा आला तर ती गच्च भरलेली. मी तसेच समजलो असतो. “ही जवळजवळ रिकामी हाय,” ते म्हणाले. फॉस्फेटचे व्होल्टेज पठारासारखे सपाट असते. ऐंशी टक्के भरलेली असो की चाळीस, आकडा १३.२-१३.३च्या आसपासच राहतो, आणि १२.८ दिसू लागले म्हणजे कडा आली. पुढे घसरण सरळ खाली. सेलमागे अडीच व्होल्टच्या खाली गेले की सेल कायमचा दुखावतो. शिशाची बॅटरी बसली तर धक्का मारून, चार्ज करून ती बहुतेकदा परत उभी राहते. ही तशी परतत नाही.

दोन शर्यतींच्या मध्ये गाडी दोन-दोन महिने उभी असते. त्या काळात एखादा ट्रॅकर किंवा अलार्म ५० मिलिअँपिअर खात राहिला तर आठवड्याला साडेआठ अँपिअर-तास गेले. साडेसात अँपिअर-तासांची बॅटरी सहा दिवसांत मेली. ३५वाली महिना काढते. म्हणून या डब्याबरोबर शिस्त विकत घ्यावी लागते. गाडी उभी केली की कटऑफ बंद. चार्जर लिथियमचाच. शिशाच्या चार्जरमध्ये पत्र्यांवरचे सल्फेट झाडण्यासाठी उंच व्होल्टेजचे झटके देणारी एक पद्धत असते, ती या बॅटरीला घातक. अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज पंधराच्या वर गेले तर आतला संरक्षक बोर्ड बॅटरी तोडतो, आणि चालत्या इंजिनावर बॅटरी अचानक तुटली की अल्टरनेटरचा लोंढा थेट ईसीयूवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकावर, जातो.

लेबलही सावधपणे वाचावे लागते. पुष्कळ डब्यांवर ‘२० अँपिअर-तास’ असे मोठ्या अक्षरांत असते आणि खाली बारीक अक्षरांत ‘लेड-ॲसिड समतुल्य’. म्हणजे ही बॅटरी वीसच्या शिशाच्या बॅटरीइतका झटका देते, साठा मात्र सात-आठचाच. शिशाची बॅटरी टिकवायची तर तिच्यातला थोडाच भाग वापरावा, हा मुद्दा धरून हे गणित केलेले असते. सेल्फ मारण्यापुरते ते खरे आहे. अल्टरनेटरचा पट्टा तुटल्यावर ते खरे नाही. इंधनाचा पंप, इग्निशन, इंजेक्टर, ईसीयू आणि पंखा मिळून वीस-पंचवीस अँपिअर सहज लागतात. एजीएमवर गाडी अर्ध्या-पाऊण तासाची शर्यत कशीबशी पुरी करील. साडेसातवर अठरा-वीस मिनिटांत थांबेल.

आणि थंडी. कोइम्बतूरला किंवा चेन्नईला तिचा प्रश्नच नाही. उलट तिथे बॉनेटखालच्या उष्णतेत शिसे लवकर म्हातारे होते. दर दहा अंशांना आयुष्य निम्मे, असा जुना ठोकताळा आहे. पण १९९९मध्ये सुरू झालेल्या रेड डी हिमालयासारख्या मोहिमेत पहाटे पारा शून्याखाली असतो, आणि गारठलेला फॉस्फेट सेल करंट द्यायला कुरकुरतो. दोन मिनिटे दिवे लावून ठेवले की स्वतःच्या प्रवाहाने सेल आतून जरा तापतो आणि मग सेल्फ ओढतो. शून्याखाली चार्ज करणे मात्र वाईटच, कारण लिथियम आत शिरायच्या ऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचते. पोर्शेची दुसरी बॅटरी याचसाठी होती.

वस्तादांचा निवाडा साधा आहे. पंधरा-वीस मिनिटांची ट्रॅकवरची शर्यत असेल आणि गाडी त्यांच्याच गॅरेजमध्ये परत येणार असेल, तर काळा डबा. रॅलीला, डोंगराला, किंवा बॅटरीकडे बघायला ज्याला वेळ नाही अशा मालकाला एजीएम. नियमांनी किमान वजन ठरवून दिलेल्या वर्गात धावणाऱ्याला ते आधी वजनकाट्यावर उभे करतात. गाडी आणि चालक मिळून आधीच कमी भरत असतील तर वाचवलेले आठ किलो परत शिशाच्या विटा होऊनच गाडीत येणार. त्या विटा तळाला, मध्यभागी बसवता येतात हा फायदा खरा, पण मग पैसे कशासाठी मोजतोय हे मालकाला नीट माहीत हवे.

जी गाडी बॅटरीवरच धावते, तिथे हाच प्रश्न शेकडो किलोंचा होतो. फॉर्म्युला ई ही विजेच्या गाड्यांची शर्यत २०१४मध्ये बीजिंगला सुरू झाली. महिंद्राचा संघ तिच्यात पहिल्या हंगामापासून आहे. पहिली चार वर्षे बॅटरी पूर्ण शर्यत पुरत नसे, म्हणून चालक अर्ध्यावर पिटमध्ये येऊन दुसऱ्या गाडीत उडी मारी. २०१८च्या अखेरीस दुसऱ्या पिढीची गाडी आली. ५४ किलोवॉट-तास, ३८५ किलोंची बॅटरी. एकच गाडी शेवटपर्यंत पुरू लागली. मग २०२३मध्ये तिसरी पिढी आली, तिची बॅटरी २८४ किलोंची आणि शर्यतीत वापरायची ऊर्जा ३८.५ किलोवॉट-तास. शंभर किलो कमी!    बॅटरी हलकी झाली, कारण तिच्याकडून मागणेही कमी केले. नव्या गाडीत पुढच्या धुरीवर २५० किलोवॉटची आणि मागे ३५० किलोवॉटची मोटर ब्रेक लावताना ऊर्जा परत गोळा करते. मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेकच ठेवले नाहीत. शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेपैकी निदान चाळीस टक्के अशी ब्रेकमधून परत यावी, असा रचनाकारांचा आडाखा होता.

११ फेब्रुवारी २०२३ला हैदराबादच्या हुसेन सागराच्या काठावर हीच गाडी धावली. ज्याँ-एरिक वर्न जिंकला, तो मागच्या निक कॅसिडीपेक्षा कमी ऊर्जा शिल्लक असताना. शेवटच्या फेऱ्यांत तो ॲक्सिलरेटर लवकर सोडत होता, गाडी घरंगळू देत होता, वळणावर मात्र मागच्याला वाट देत नव्हता. लहान बॅटरीची शर्यत कशी दिसते हे ज्यांनी त्या दिवशी पाहिले, त्यांना वेग आणि काटकसर हे एकाच हाताचे काम असू शकते याची खात्री पटली असेल. फोक्सवॅगनच्या आयडी.आर या गाडीनेही २०१८मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीकची जवळजवळ २० किलोमीटरची चढण ७ मिनिटे ५७.१४८ सेकंदांत चढून विक्रम केला, तेव्हा चालकासह तिचे वजन १,१०० किलोंच्या आत ठेवले होते. बॅटरी एकदाच वर जाण्यापुरती, आणि वळणांपूर्वीच्या ब्रेकमधून सुमारे वीस टक्के परत.

आपल्याकडे हे गणित सगळ्यात चुरशीने कोण करत असेल तर अभियांत्रिकीची मुले. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर भरणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत देशभरचे संघ स्वतः बांधलेली एका माणसाची शर्यती गाडी घेऊन येतात. आयआयटी मुंबईचा संघ विजेच्या गाडीसह इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनलाही जाऊन आलेला आहे. मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या कार्यशाळेत मी बॅटरी जोडताना पाहिली. टेबलावर रबरी चटई, हातात हजार व्होल्टचे हातमोजे, पान्यांना प्लॅस्टिकचे आवरण. बॅटरीची जबाबदारी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे होती. “सर, अंगठी काढून ठेवाल का?” हे तिचे मला पहिले वाक्य. चटईवरचा भाग शंभर व्होल्टच्या आसपास होता.

स्पर्धेचे नियम असे: कमाल ६०० व्होल्ट, कमाल ८० किलोवॉट, आणि बॅटरीचा एकेक भाग १२० व्होल्ट, ६ मेगाज्यूल आणि १२ किलोंच्या आत. एका माणसाला उचलता यावा आणि एका भागात अपघात झाला तर तेवढ्यातच राहावा, म्हणून ही मर्यादा. शेवटच्या २२ किलोमीटरच्या शर्यतीत कोणताही सेल ६० अंशांपलीकडे गेला की संरक्षक यंत्रणा गाडी बंद करते. सोनीच्या घराण्यातला व्हीटीसी६ हा सेल घेतला तर तो ४६-४७ ग्रॅमचा, तीन अँपिअर-तासांचा. तेवीस सेल ओळीने, पाच ओळी शेजारी, असे सहा भाग केले की एकूण ६९० सेल, भरल्यावर ५८० व्होल्ट, साठा साडेसात किलोवॉट-तास आणि नुसत्या सेलचे वजन ३२ किलो. पूर्ण ८० किलोवॉट ओढले तर प्रत्येक सेलवर ३२ अँपिअर येतात. सेलची सततची कुवत १५. क्षणभर चालते, फेरीमागून फेरी चालत नाही. सेल तापतात, आणि मग थंड करायला पंखे, हवेच्या वाटा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. वजन पुन्हा चढले.

त्या मुलीच्या वहीत दुसरा हिशेबही तयार होता. मोलिसेलचा पी४५बी हा नवा सेल ७० ग्रॅमचा, साडेचार अँपिअर-तासांचा. किलोमागे साठा दोघांचा जवळजवळ सारखाच, २३० वॉट-तासांच्या आसपास. पण हा सतत ४५ अँपिअर देतो. तीनच ओळी पुरतात: ४१४ सेल, २९ किलो, ६.७ किलोवॉट-तास. सेलमध्ये तीन किलो वाचले, थंड करण्याच्या सामानात आणखी काही, आणि जोडायचे सेल पावणेतीनशेंनी कमी. गमावले पाऊण किलोवॉट-तास. २२ किलोमीटर तेवढ्यात निघतात का, हे चालक ब्रेकमधून किती परत मिळवतो आणि सरळ रस्त्यावर पाय किती लवकर उचलतो यावर अवलंबून होते. म्हणून संघाने नवे सेल मागवायच्या आधी जुन्या गाडीत सॉफ्टवेअरने साठ्याची मर्यादा ६.७वर आणून ठेवली होती. दोन्ही चालक त्या मर्यादेत आळीपाळीने २२ किलोमीटर पुरे करून दाखवणार होते, आणि सेलची ऑर्डर त्या नोंदी पाहून ती मुलगी ठरवणार होती.